जुन्या संशयांची मतपत्रिका

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होते, पण ती घेणारं राष्ट्रीय कोणी नसतं. आपल्याकडे दिल्लीतल्या निर्वाचन सदनातून तारखा जाहीर होतात आणि मग गडचिरोली असो की गुवाहाटी, तेच यंत्र, तीच शाई, तोच नमुना. इथे 'फेडरल इलेक्शन कमिशन' नावाचं एक कार्यालय आहे खरं, आणि भारतातून आलेला माणूस त्या नावाला हमखास फसतो. ते कार्यालय प्रचाराच्या पैशाचा हिशेब बघतं, बस. २००२च्या कायद्याने आणखी एक आयोग जन्माला आला. तो यंत्रांचे निकष ठरवतो, निधी वाटतो, सल्ले देतो. निवडणूक तोही घेत नाही. राज्यघटनेच्या पहिल्या कलमातच लिहून ठेवलं आहे की काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, निवडणुकांची वेळ, ठिकाण आणि रीत ज्या त्या राज्याच्या विधिमंडळाने ठरवावी. काँग्रेसला वाटलं तर तिने त्यात बदल करावा. काँग्रेसला तसं फार वेळा वाटलेलं नाही. राज्यांनी हे काम खाली कौंट्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांकडे, सरकवलं, काही राज्यांनी तर थेट गावांकडे. अशी दहा हजारांहून जास्त स्थानिक कार्यालयं मिळून जे काही करतात, त्याला आपण टीव्हीवर 'अमेरिकेची निवडणूक' म्हणतो.

मी नागरिक झाले न्यू जर्सीत. नंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे ओरेगॉनला आलो. धाकटे दीर डॅलसच्या उत्तरेला राहतात, कॉलेजातली एक मैत्रीण फिलाडेल्फियाच्या उपनगरात. दर दोन वर्षांनी ऑक्टोबर उजाडला की फोनवर आमचं जे बोलणं होतं, ते ऐकून कोणालाही वाटावं की आम्ही तीन वेगवेगळ्या देशांत राहतो. एकाकडे मतपत्रिका घरी येते, दुसरीकडे ती मागावी लागते, तिसरीकडे मागूनही मिळत नाही. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही. ओळखपत्र घेऊन जायचं आणि मत द्यायचं.

सुरुवातीला मला हा नुसता गोंधळ वाटायचा. आता वाटतं, गोंधळ आहेच, पण त्याला इतिहास आहे. प्रत्येक राज्याला कधीतरी कोणाचा तरी वाईट अनुभव आला. कुठे पुढाऱ्यांचा, कुठे गव्हर्नरचा, कुठे छापखान्याचा. त्या अनुभवातून जो संशय उरला, तो त्या राज्याने मतपत्रिकेवर कायमचा छापून ठेवला. मूळ अनुभव लोक विसरले, कागद तसाच राहिला.

हे मला नीट दिसलं ते अण्णांमुळे. माझे वडील तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. नोकरीत असेपर्यंत एकही निवडणूक ड्युटीशिवाय गेली नाही. आदल्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचं, मिळेल त्या गाडीने केंद्रावर पोचायचं, रात्री शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून झोपायचं आणि पहाटे उठून उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर सील-लाखेचे सोपस्कार सुरू करायचे. पुढे केंद्राध्यक्ष झाल्यावर तर त्यांच्या बोलण्यात दोन दिवस आधीपासून फक्त पाकिटांचे नंबर असायचे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ते आमच्याकडे होते. तिकडे महाराष्ट्रात विधानसभेचे अर्ज भरले जात होते, सगळं लक्ष तिकडेच. आणि एके दिवशी आमच्या पत्रपेटीत, विजेचं बिल आणि सुपरमार्केटच्या जाहिराती यांच्या मधोमध, दोन मतपत्रिका येऊन पडल्या.

"हे असं टाकून जातात? सही नाही, पोच नाही?"

मी जेवणाच्या टेबलावर पाकीट फोडलं आणि काळ्या पेनने लंबवर्तुळं रंगवायला लागले. समोर नवरा त्याची मतपत्रिका घेऊन बसला होता. अण्णा आधी गप्प बसून बघत होते. मग त्यांना राहवलं नाही. "अगं, त्याला दिसतंय ना तुझं! केंद्रावर कोणी बायकोच्या मागे नुसतं डोकावलं तरी मी खुर्चीतून उठायचो."

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला ओरेगॉनकडे पूर्ण उत्तर नाही. एखाद्या घरात एकच माणूस सगळ्यांच्या मतपत्रिका भरत असेल, तर ते कोणाला कळणार? या राज्याने १९८१पासून स्थानिक निवडणुकांसाठी टपालाने मतदान करून पाहिलं, १९९८मध्ये मतदारांनीच कौल देऊन सगळ्या निवडणुकांना ते लागू केलं आणि २००० साली राष्ट्राध्यक्षाची निवडणूक पूर्णपणे टपालाने घेणारं ते पहिलं राज्य ठरलं. मतदारावर ओरेगॉनचा विश्वास आहे. संशय आहे तो त्याच्या सहीवर. पाकिटावर सही करायची, कार्यालयात ती नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात, जुळली तरच पाकीट पुढे जातं. त्यानंतर कागद आणि पाकीट वेगळे होतात, म्हणजे नावाचा आणि मताचा संबंध तुटतो.

आमच्या सासूबाई मराठीत सही करतात. नागरिकत्वाच्या कागदावर त्यांनी जी ठसठशीत सही केली, तिच्यातला 'क्ष' आता हात थरथरत असल्यामुळे वेगळाच उमटतो. एका वर्षी पत्र आलं: सही जुळत नाही, सोबतच्या अर्जावर पुन्हा करून पाठवा. पत्र सौम्य होतं आणि मुदतही भरपूर होती. देवनागरी न वाचता येणारं कोणीतरी त्यांच्या 'क्ष'चा काना-मात्रा तपासून बसलं होतं, याचं मला हसू आलं. सासूबाईंना मात्र अभिमान वाटला. "बघतात तरी," म्हणाल्या.

आमची मतपत्रिका लांबलचक असते, दोन्ही बाजूंनी छापलेली. त्यामागेही जुना राग आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या लोकांचा समज पक्का झाला होता की आपलं विधिमंडळ रेल्वेवाल्यांच्या आणि लाकूडवाल्यांच्या खिशात आहे. म्हणून १९०२मध्ये त्यांनी कायदे करण्याचा हक्क थेट स्वतःकडे घेतला. सह्या गोळा करा आणि ठराव मतपत्रिकेवर आणा. सव्वाशे वर्षं होत आली, आम्ही अजून करविषयक ठरावांवर मत देतोय. २०२४मध्ये एक ठराव पसंतीक्रमाच्या मतदानाचा होता. गंमत अशी की पोर्टलंड शहर त्याच दिवशी आपला महापौर आणि नगरपरिषद पसंतीक्रमानेच निवडत होतं. तिथल्या सहकाऱ्यांच्या कागदावर आडव्या-उभ्या वर्तुळांची जाळीच होती, सहा पसंत्यांपर्यंत. शहराने ती जाळी भरली आणि राज्याने तोच ठराव फेटाळला. मेन राज्यात मात्र ही पद्धत २०१८पासून काँग्रेसच्या निवडणुकीला चालते, अलास्कात २०२२पासून.

मतपत्रिकेआधी एक जाडजूड पुस्तिका येते. सरकारी खर्चाने छापलेली, त्यात ठरावाच्या बाजूने आणि विरोधात कोणीही, फी भरून किंवा सह्या जमवून, लिहू शकतो. अण्णांनी ती चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचली आणि माझ्या नवऱ्याशी वाद घातला. मला वाटतं, त्या घरात त्या वर्षीचा सर्वांत अभ्यासू मतदार तोच होता, ज्याला मत नव्हतं.

मतदान संपायला आठवडा राहिला असताना, २८ ऑक्टोबरला, पोर्टलंडमध्ये आणि नदीपलीकडे वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हरमध्ये मतपेट्यांना कोणीतरी आग लावली. पोर्टलंडच्या पेटीत आग विझवणारी पावडर होती, तिथे तीनच मतपत्रिका खराब झाल्या. व्हँकूव्हरला शेकडो जळाल्या-भिजल्या. रस्त्याकडेला चोवीस तास उभी असलेली पेटी हा प्रकारच अण्णांच्या गळी उतरत नव्हता, त्यात ही बातमी. मी त्यांना सांगितलं की पाकिटावरच्या खुणांवरून ती माणसं शोधून त्यांना नव्या मतपत्रिका देता येतात. ते म्हणाले, "आमच्या पेटीसोबत रात्रभर पोलीस झोपायचा."

न्यू जर्सीचा संशय वेगळ्या जातीचा होता. तो राज्याने मतपत्रिकेवर छापलेला नव्हता. तो मतपत्रिका बघून मतदाराच्या मनात यायचा. तिथे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत बहुतेक कौंट्यांत 'लाइन' असायची. कौंटीतल्या पक्षनेत्यांनी पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, वरच्या पदापासून खालच्या पदापर्यंत, एकाच रांगेत सलग. ज्यांना पाठिंबा नाही ते लांब कोपऱ्यात, दोन-तीन रिकामे रकाने सोडून. तिथले लोक त्या जागेला 'बॅलट सायबेरिया' म्हणायचे. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत आजोबा कुठे, मामा कुठे आणि भांडण झालेले काका कुठे छापलेत, हे बघून घरातलं राजकारण कळतं, तसंच. मी तिथे असताना यंत्रं होती ती भिंतीएवढ्या फलकाची. सगळी पदं, सगळे उमेदवार एकदम समोर, नावावर दाबलं की दिवा लागायचा. रांगेतून बोट सरळ खाली नेलं की काम झालं, आणि बहुतेकांचं बोट सरळच जायचं.

२०२४मध्ये अँडी किम यांनी सिनेटची उमेदवारी लढवताना या रांगेवरच दावा लावला. समोर गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी होत्या. कोर्टाचा निकाल यायच्या काही दिवस आधी मर्फी यांनी माघार घेतली, तरी खटला चालू राहिला आणि २९ मार्चला फेडरल न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीपुरती रांग मोडायला लावली. पदानुसार चौकोन करा, प्रत्येक चौकोनात त्या पदाचे सगळे उमेदवार. पुढच्या वर्षी कायदाच बदलला. इतकी साधी गोष्ट व्हायला इतकी वर्षं लागली, कारण ती बदलण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते त्याच रांगेतून निवडून आले होते.

नाव कुठे छापायचं याला प्रत्येक राज्याचं वेगळं उत्तर आहे. फ्लोरिडात गव्हर्नर ज्या पक्षाचा, त्या पक्षाचा उमेदवार वर. कॅलिफोर्नियात मुळाक्षरांची सोडत काढून नवाच क्रम लावतात आणि राज्यभराच्या पदांसाठी तो क्रम विभागागणिक फिरवतात. ओहायोत नावं केंद्रागणिक फिरतात. आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात आद्याक्षराप्रमाणे. त्यामुळे 'अ'ने सुरू होणाऱ्या नावाला जन्मजात फायदा. नावं फिरवणं हे मला या सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, पण छापणाऱ्याचा जीव त्यात जातो. एकाच कौंटीत शाळेचा जिल्हा वेगळा, पाणीपुरवठ्याचा वेगळा, अग्निशमनाचा वेगळा. त्या सीमा एकमेकींना कापत जातात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र मतपत्रिका लागते. त्यात नावं फिरवली की नमुने शेकड्यांनी वाढतात. प्रत्येक नमुना तपासायचा, कडेच्या काळ्या खुणा यंत्राला वाचता येतात का बघायचं, इंग्रजीशिवाय इतर भाषांत छापायचं. शिकागोत हिंदी असते, न्यूयॉर्क शहरात बंगाली. मराठीचा नंबर अजून लागलेला नाही. परदेशातल्या आणि सैन्यातल्या मतदारांना मतपत्रिका ४५ दिवस आधी रवाना झाल्याच पाहिजेत, असा केंद्राचा कायदा आहे. छपाईच्या कामात एवढी एक तारीख सगळ्यांना सारखी.

२०२४च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी काही राज्यांतून आपलं नाव काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा या कारभाराची खरी परीक्षा झाली. नॉर्थ कॅरोलायनात २९ लाखांहून जास्त मतपत्रिका छापून तयार होत्या. ९ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाव काढा. सगळा छापील माल वाया, पुन्हा छपाई. त्याच दिवशी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाव राहू द्या. विस्कॉन्सिनमध्ये त्यांच्या वकिलांनी नावावर स्टिकर चिकटवण्याची कल्पना मांडली. तीही फेटाळली गेली. आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांना नाव हवं होतं, तर तिथे ते आधीच कापलेलं. एकच माणूस, एकच निवडणूक.

पेनसिल्व्हेनियातली माझी मैत्रीण पाकिटांवर अधिकारवाणीने बोलते. तिथे २०१९च्या कायद्यापासून कोणालाही टपालाने मत देता येतं, पण मतपत्रिका आधी आतल्या गोपनीय पाकिटात, मग बाहेरच्या पाकिटात घालावी लागते, आणि बाहेरच्या पाकिटावर सही व तारीख. आतलं पाकीट विसरलं की मत बाद, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये ठरवलं. अशा मतपत्रिकेला तिकडे सरळ 'नेकेड बॅलट' म्हणतात. ओरेगॉनमध्ये आतलं वेष्टण घातलं नाही तरी मत चालतं. तारखेवरून तर पेनसिल्व्हेनियात वर्षानुवर्षं खटले चालले आहेत. कार्यालयात पाकीट कधी पोचलं याचा शिक्का असतोच; मग मतदाराने हाताने लिहिलेल्या तारखेचा उपयोग काय, याचं पटेल असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. शिवाय निवडणुकीच्या दिवशी सकाळी सातच्या आधी पाकिटं उघडायला तिथे मनाई आहे. म्हणून २०२०मध्ये मंगळवारच्या मतदानाचा कौल शनिवारी स्पष्ट झाला, आणि त्या चार दिवसांत अफवांनी जे पीक काढलं ते सगळ्यांनी बघितलं. फ्लोरिडा ही पाकिटं आधीपासून हाताळायला लागतो आणि त्याच रात्री मोकळा होतो. संशय टाळायला केलेल्या नियमातून संशय कसा वाढतो, हे बघायचं तर पेनसिल्व्हेनिया.

टेक्सासात दीर टपालाने मत देऊच शकत नाहीत. वय ६५ पूर्ण, आजारपण वा अपंगत्व, मतदानाच्या काळात कौंटीबाहेर असणं, असली मोजकीच कारणं चालतात. साथीच्या वर्षी, २०२०मध्ये, गव्हर्नरांनी मतपत्रिका हातोहात जमा करायला कौंटीमागे एकच जागा ठेवली. ह्यूस्टनच्या हॅरिस कौंटीत ४७ लाख लोक राहतात, त्यांनाही एकच. ओळखपत्र म्हणून पिस्तुलाचा परवाना चालतो, विद्यापीठाचं ओळखपत्र नाही. पण तिथली मतपत्रिका आमच्यापेक्षाही लांब, कारण यादवीनंतरच्या काळातल्या एका गव्हर्नरवर लोक इतके चिडले की १८७६च्या राज्यघटनेत त्यांनी गव्हर्नरच्या हातात शक्यतो काहीच ठेवलं नाही. महाधिवक्ता, शेती आयुक्त, न्यायाधीश, सगळे निवडून. रेल्वे आयुक्तसुद्धा, त्या आयोगाकडे आता रेल्वे नाहीच, तो तेल आणि वायूचं बघतो. "वहिनी, न्यायाधीशांच्या पन्नास नावांतलं एकही मला माहीत नसतं," दीर सांगतात. पूर्वी एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देता यायचं, ती सोय २०२०पासून बंद. मात्र टेक्सासच उदार कधी होतो? १९९७पासून अंतराळवीरांना अंतराळातून मत देता येतं. तिथे पासष्टची अट नाही.

सगळ्यांना आठवतो तो फ्लोरिडा. २००० साली पाम बीच कौंटीच्या निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर यांच्यापुढे अडचण अशी होती की राष्ट्राध्यक्षपदाचे दहा उमेदवार, आणि कौंटीत वृद्ध मतदार भरपूर. अक्षर बारीक केलं तर त्यांना दिसणार नाही. म्हणून त्यांनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर वाटली आणि भोकांची रांग मधोमध ठेवली. डाव्या पानावर डेमोक्रॅट अल गोर दुसरे, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं. ब्यूकॅनन यांना त्या कौंटीत ३,४०७ मतं पडली, जी तिथे पडण्याचं काही कारण नव्हतं. एकोणीस हजारांहून जास्त कार्डांवर एकापेक्षा जास्त भोकं पडली, ती बाद. राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला. हे सगळं आजीआजोबांना वाचता यावं म्हणून झालं, हे मला कायम अस्वस्थ करतं. लेपोर बाई डेमोक्रॅट होत्या आणि त्यांच्या कागदाने नुकसान झालं ते त्यांच्याच पक्षाचं. पुढचे पाच आठवडे लोक अर्धवट लोंबणारे कागदाचे तुकडे भिंगातून बघत बसले.

मतदाराच्या मनात काय होतं, हे कागदावरून ओळखायचं काम फार जुनं. मिनेसोटात २००८च्या सिनेट निवडणुकीची हाताने फेरमोजणी झाली, तेव्हा एका मतपत्रिकेवर कोणीतरी उमेदवाराचं वर्तुळ रंगवून मोकळ्या जागेत 'लिझर्ड पीपल' असंही लिहून ठेवलं होतं. हे मत कोणाचं, यावर गंभीर चर्चा झाली. शेवटी फरक उरला ३१२ मतांचा. ही गोष्ट अण्णांना सांगितल्यावर ते खुलले. मतपत्रिकेच्या काळात आपल्याकडे जो फुलीचा शिक्का होता, त्याचे बाण मुद्दाम एका दिशेने वळवलेले होते. ओल्या शाईची मतपत्रिका दुमडली की दुसऱ्या उमेदवाराच्या चौकोनात शाई उमटायची. पण ती छाप उलटी दिसायची आणि खरं मत कुठलं ते लगेच कळायचं. त्यांनी माझ्या किराणा यादीच्या मागे तो शिक्का काढून दाखवला. ज्या कोणाच्या डोक्यातून ते बाण निघाले, त्याला माझ्या मते पाम बीचला बोलवायला हवं होतं.

अर्थात आपल्याकडेही पाम बीच होतो. २०२४च्या लोकसभेला सातारा मतदारसंघात शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. त्याच यंत्रावर एका अपक्षाला पिपाणीचं चित्र आणि शेजारी नाव 'तुतारी'. त्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली, आणि पवारांच्या पक्षाचा उमेदवार ३२ हजारांवर मतांनी हरला. एकच आयोग, एकच नमुना, तरीही.

म्हणून 'अमेरिकेने आपल्यासारखा एक आयोग नेमावा' असं मी पूर्वी जोरात म्हणायचे, तेवढ्या जोरात आता म्हणत नाही. मला खुपतं ते वेगळं. इथे राज्याच्या निवडणुकीवर देखरेख करणारा सेक्रेटरी ऑफ स्टेट बहुतेक राज्यांत पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. २०००मध्ये फ्लोरिडात त्या पदावर कॅथरीन हॅरिस होत्या. त्याच वेळी त्या गोर यांचे प्रतिस्पर्धी बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही होत्या. २०१८मध्ये जॉर्जियात ब्रायन केम्प गव्हर्नरपदासाठी उभे होते आणि निवडणुकीचे वरिष्ठ अधिकारीही तेच. अण्णांना हे समजावून सांगायला मला तीनदा वाक्य बदलावं लागलं. त्यांना वाटत होतं, मी काहीतरी चुकीचं सांगतेय.

दीर याउलट बाजूचे. "वहिनी, एकच आयोग केला आणि तो उद्या कोणाच्या मुठीत गेला तर?" त्यांचं उदाहरणही जॉर्जियाचंच. २०२१च्या जानेवारीत ट्रम्प यांनी तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटना, ब्रॅड राफेन्सपर्गर यांना, फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं. राफेन्सपर्गर रिपब्लिकन. त्यांनी शोधली नाहीत. दहा हजार कार्यालयं वाकवायची तर दहा हजार फोन करावे लागतात, हा दिरांचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. आणि आपल्या आयोगाच्या नेमणुकीबद्दल म्हणाल तर २०२३च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड समितीत सरन्यायाधीश असावेत असं सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून त्यांच्या जागी केंद्रीय मंत्री आणला. म्हणजे पंच कोण नेमणार, हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही.

आता इथे नवा संशय आलाय आणि तो आमच्यासारख्यांच्या अंगावरून जातो. ॲरिझोनात नागरिकत्वाचा कागदी पुरावा दिला नाही तर फक्त केंद्राच्या पदांची मतपत्रिका मिळते, राज्याच्या पदांची नाही. एकाच रांगेतल्या दोन माणसांच्या हातात दोन लांबीचे कागद. २०२४मध्ये तिथे कळलं की दोन लाखांवर जुन्या मतदारांचा पुरावा कधी नोंदलाच गेला नव्हता. त्यांना पूर्ण मतपत्रिका द्यायची का, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन ठरलं. २०२५च्या मार्चमध्ये ट्रम्प यांनी असाच पुरावा देशभर मागणारा आदेश काढला. ती अट कोर्टाने अडवली. याला काहीच आधार नाही असंही म्हणता येत नाही, कारण आमच्याच ओरेगॉनमध्ये वाहन परवान्याच्या कार्यालयाने हजारावर लोकांची नागरिकत्व न तपासता मतदार म्हणून नोंद केल्याचं २०२४मध्ये उघड झालं. त्यातल्या अगदी मोजक्यांनीच मत दिलं होतं. पण बातमीला तेवढं पुरलं. सासूबाईंनी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र बँकेच्या लॉकरमधून घरी आणून ठेवलंय.

मला दोनच गोष्टी सगळीकडे सारख्या झालेल्या चालतील. नावं फिरवून छापा, आणि मतपत्रिका करणारा माणूस कोणत्याही पक्षाचा नको. बाकी पाकीट एक की दोन, पेन की यंत्र, हे ज्याने त्याने ठरवावं. दिरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, दुसरी गोष्ट टेक्सासात कधीच होणार नाही. ओरेगॉनमध्येही होण्यासारखी नाही. इथलं सेक्रेटरी ऑफ स्टेटचं पदही पक्षाच्या तिकिटावरच लढतात. २०२४मध्ये ते आमच्या मतपत्रिकेवर होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं वर्तुळ मी पक्ष बघूनच रंगवलं.